सिनॅमन रोल, उलटवल्यावर अक्रोड-शेंगदाणे वर: नाशिकच्या थंडीतल्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर

काय हवंय ते आधी लिहून ठेवू. बिनअंड्याचे नऊ सिनॅमन रोल, २३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनात, ३० लिटरच्या साध्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. टिन उलटा केला की वर गुळाच्या पाकात बसलेले अक्रोड आणि शेंगदाणे यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळीही रोल हाताने उलगडता यावा. पांढरं आयसिंग नाही. पाक असताना आयसिंग म्हणजे गोडावर गोड.

सुरुवातीचं माप ग्रॅममध्ये, दूधसुद्धा: मैदा ४००, दूध २५०, साखर ५०, दूध पावडर १५, बटर ५५, मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ६. वाटीचं माप कुठेच नाही. दाबून भरलेली मैद्याची वाटी आणि चाळून हलकी भरलेली वाटी यांत इतका फरक पडतो की एकाचा गोळा दगड होतो, दुसऱ्याचा हाताला चिकटून येतो.

बटर घरात असतं तेच खारट. त्यात १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ५५ ग्रॅममधून ग्रॅमभर मीठ आलेलंच आहे. वरचे ६ धरून एकूण मैद्याच्या १.८ टक्क्यांच्या आसपास. यापेक्षा कमी मिठात यीस्ट उधळतं आणि गोळा सैल पडतो.

दूध तापवून निवलेलं, साय काढून. हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागत नाही, पण कारण माहीत हवं. न उकळलेल्या दुधातली निवळीची प्रथिनं ग्लूटेनला, म्हणजे मैद्याला ताण देणाऱ्या चिवट प्रथिनाला, ढिलं करतात. दूध ८२-८५ अंशांपर्यंत तापलं की ती निष्प्रभ होतात. पिशवी फोडून दूध थेट ओतलं तर ही पायरी राहून जाते.

पहिला घाणा. दूध फ्रिजमधून काढलेलं, स्वयंपाकघर १८ अंश. मळून झालेला गोळा १९ अंशांवर. दीड तासात तो जेमतेम तिसरा हिस्सा वाढला, तरी तसाच पुढे रेटला. अक्रोडाची भरड सुरुवातीपासून वर पसरली होती. पंचविसाव्या मिनिटाला ती काळी आणि कडू, खाली रोल घट्ट आणि मधला तर ओलसरच. जमेल तितकं सगळं चुकलं, हे एका अर्थी बरं झालं.

४ डिसेंबर

आज फक्त गोळ्याचं तापमान. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कृतींमध्ये 'तासभर ऊबदार जागी ठेवा' असं लिहिलेलं असतं. ती ऊबदार जागा डिसेंबरातल्या नाशिकच्या स्वयंपाकघरात नसते. सकाळी ओट्यावर १६-१७, दुपारी २१-२२. एप्रिलमध्ये हीच कृती केली तर तासाऐवजी पाऊण तासात गोळा भांड्याबाहेर येईल. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून गोळा मळून झाल्यावर २७ अंशांवर यावा एवढंच धरायचं.

हिशोब बेकऱ्यांत चालतो तोच. हव्या तापमानाची तिप्पट करायची: ८१. त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मळताना येणारी ऊब वजा करायची. मैदा १७, खोली १८, हाताने मळण्याची ऊब २ धरली. ८१ वजा ३७, म्हणजे दूध ४४ अंशांचं हवं. मिक्सरच्या कणीक मळायच्या भांड्यात मळलं तर घर्षणाची ऊब बरीच जास्त येते, तेव्हा दूध तेवढं कमी तापवायचं.

४४ अंशांचं दूध बोटाला 'गरम' लागतं आणि यीस्ट मरेल अशी धास्ती वाटते. यीस्ट मरतं ते ५५-६० अंशांच्या पट्ट्यात. तरी ते दुधात न टाकता मैद्यात मिसळायचं. दूध पडताक्षणी मैदा उष्णता ओढून घेतो. उलटी चूक जास्त घातक आणि जास्त घरांत होणारी: इन्स्टंट यीस्टवर फ्रिजमधलं दूध. सुकं यीस्ट गार द्रवात भिजलं की त्याच्या पेशींमधून ग्लुटाथायोन नावाचं, ग्लूटेन ढिलं करणारं द्रव्य पाझरतं. त्याने गोळा सैल, चिकट होतो आणि फुगतही नाही. पहिल्या घाण्यात नेमकं तेच झालं होतं, आणि दोष मैद्यावर गेला होता.

गोळा आज २६.५ अंशांवर उतरला. ओटीजी बंद, आत खालच्या जाळीवर उकळत्या पाण्याचं पातेलं, वर झाकलेला गोळा. आतली हवा २८-२९. सव्वा तासात दुप्पट. ३२ च्या वर हवा जाऊ द्यायची नाही, कारण तिथून बटर वितळून गोळ्याबाहेर यायला लागतं आणि पीठ तेलकट दिसतं.

दुप्पट झालं की नाही हे भांड्यात बघून कळत नाही, गोल बुडाचं भांडं नजरेला फसवतं. मळून झाल्यावर ३० ग्रॅमचा तुकडा सरळ बाजूंच्या काचेच्या पेल्यात दाबून ठेवला, पेल्याला बाहेरून पिठाच्या पातळीवर रबर लावलं. हा साक्षी पेला गोळ्याच्या शेजारीच ठेवायचा, नाहीतर साक्ष खोटी.

७ डिसेंबर

थर्मामीटर तपासला. उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो. तो बिघडलेला नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. पाकाला हे लागू आहे: पुस्तकातला ११४ अंशांचा पाक इथे ११२ लाच तयार होतो. दोन अंश किरकोळ वाटतात, पण पाकात दोन अंशांचा फरक दाताला कळतो.

ओटीजीत वेगळा थर्मामीटर टांगला. तापमानाचा खटका १८० वर, दोन्ही कॉइल चालू. दहा मिनिटांत ओटीजीचा दिवा विझला तेव्हा आत १९८. मग १६६ पर्यंत घसरण, पुन्हा चढ. तिसऱ्या फेरीपासून, म्हणजे वीस-बावीस मिनिटांनी, चढउतार १७० ते १८५ मध्ये बसला. दिवा पहिल्यांदा विझला की टिन आत ठेवायचा ही सवय सोडायला हवी.

संध्याकाळी सातनंतर तापायला निम्मा वेळ जास्त लागला. विजेचा दाब कमी असणार. कॉइलची ताकद व्होल्टच्या वर्गाने बदलते: २३० चे २०० झाले की उष्णता तीन चतुर्थांशच उरते. भाजायचं काम दुपारी.

८ डिसेंबर

नाशिकच्या रविवार कारंजा चौकात दालचिनी. दुकानात 'दालचिनी' म्हटलं की पुढे येते ती जाड, कडक, गडद सालीची, ही कॅशिया. सिलोनची मागितली तर पातळ कागदासारख्या पदरांची, बोटाने चुरता येणारी सुरळी मिळते, भाव बराच चढा. दोन्ही आणल्या.

कॅशियाचा झणका सिनॅमाल्डिहाइडचा, भाजल्यावरही टिकतो. सिलोनची नाजूक, तिच्यात लवंगेकडे झुकणारा वास आहे, पण गूळ आणि भाजलेले दाणे यांच्यापुढे ती हरवते. रोलसाठी तीन भाग कॅशिया, एक भाग सिलोन. कॅशियात कुमारिन हे जास्त झालं तर यकृताला बाधणारं द्रव्य बरंच असतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. सणासुदीला एक रोल खाणाऱ्याला काळजीचं कारण नाही. रोज चमचाभर पूड फाकणाऱ्याने विचार करावा.

पूड घरीच: साल मंद तव्यावर फक्त कोमट, मग मिक्सर, मग मैद्याची चाळणी. वर उरलेला चोथा चहात. गोळ्यात मात्र दालचिनी टाकायची नाही, यीस्ट मंदावतं. पीठ सुगंधी हवंच असेल तर वेलची. स्वीडनच्या कानेलबुल्लेत, म्हणजे तिथल्या दालचिनी रोलमध्ये, तसंच करतात. तिथे ४ ऑक्टोबर हा या रोलचा दिवस १९९९ पासून पाळला जातो.

टिन भांडी बाजारातून, साध्या ॲल्युमिनियमचा, ६ सेंटिमीटर उंच. काळा नॉनस्टिक मुद्दाम टाळला. गडद पृष्ठभाग उष्णता जास्त ओढतो आणि आपला पाक नेमका बुडाशी आहे.

११ डिसेंबर

वरचा थर, पण घालायचा खाली. जर्मन लोकांच्या गोगलगायीच्या आकाराच्या पावांपासून अमेरिकेत फिलाडेल्फियाकडे जे चिकट बन झाले, त्यांची हीच रीत: पाक आणि दाणे बुडाशी, वर रोल, भाजून झालं की उलटं. दाणे पाकात बुडालेले राहतात, त्यामुळे त्यांना कॉइलची आच थेट लागत नाही. १ तारखेच्या काळ्या अक्रोडांवर हाच उपाय.

पहिला पाक: गूळ १२०, बटर ६०, बस्स. कढईत गूळ वितळला, उकळी आली, 'अजून थोडा' म्हणत चार मिनिटं ठेवला. टिनात ओतला, रोल लावले, भाजले. उलटवल्यावर वर जे आलं त्याला चिक्की म्हणतात. दाताने तुटेना, आणि रोलचा मऊ भाग चिक्कीला चिकटून सोलून आला.

कारण सरळ आहे. पाकाचा कडकपणा त्यात उरलेल्या पाण्यावर ठरतो. कढईत तो आधीच गोळीबंद झालेला, त्यात ओव्हनमध्ये आणखी अर्धा तास. चिक्कीला कडक पाक लागतो: पाण्यात थेंब टाकला की कट्‌ आवाज करून मोडला पाहिजे. इथे उलट. कढईत फक्त वितळवायचं, एकतारीच्याही अलीकडे थांबायचं. उरलेलं काम ओव्हन करतं.

१४ डिसेंबर

पाकात पाणी आणि चरबी राहावी म्हणून फ्रेश क्रीम. गूळ ११०, बटर ६०, क्रीम ५०, मध २५, चिमूट मीठ. क्रीम उकळत्या गुळात ओतली आणि डोळ्यांदेखत फाटली. पिवळट पाकात पांढरे कण, भोवती तुपाचे डोळे. गुळाच्या खिरीत गरम असताना दूध घातलं की होतं तेच. गुळातली आम्लता आणि क्षार उकळीच्या आचेवर दुधाची प्रथिनं आवळतात.

दुसऱ्यांदा: गूळ किसून दोन चमचे पाण्यात वितळवला, गाळला (तळाशी वाळू निघाली, हे काम चुकवू नये), बटर घातलं, गॅस बंद. ७० अंशांपर्यंत निवल्यावर खोलीच्या तापमानाची क्रीम धारेने, ढवळत. फाटली नाही. कढईत बघत राहिलं तर बदल दिसतो: आधी मोठे, पटकन फुटणारे बुडबुडे, गुळाची आरपार लाली, क्रीम गेली की सगळं अपारदर्शक, कॉफीत दूध घातल्यासारखं, आणि चमच्याच्या पाठीवर जाड साय धरावी तसा थर.

मध चवीपेक्षा कामासाठी आहे. त्यातला ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेला पुन्हा रवाळ होऊ देत नाही. मध न घालता केलेला वाटीभर पाक दुसऱ्या दिवशी कडेने रवाळ झाला होता, मधाचा तसाच चिकट.

गूळ गडद, मऊ, चवीला किंचित खारट असा घेतला. पिवळाधमक गूळ रंगाने बरा दिसतो, चवीला साखरच.

१५ डिसेंबर

मऊपणा. कालचे रोल रात्री छान, सकाळी पाव. उपाय खळ. कागद चिकटवायला करतात तीच, फक्त दुधात: ४०० मधला २५ ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम दूध, गुठळ्या मोडून मंद आचेवर. ६५ अंशांच्या आसपास ती अचानक घट्ट होते, ढवळताना बुडाची रेघ क्षणभर दिसत राहते. तिथेच उतरवायची. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गोळ्यात एकूण दूध २५० वरून २७० पर्यंत नेता येतं आणि तरी गोळा हाताला आटोपतो.

खळ गरम गरम घातली तर ४ तारखेचा हिशोब कोसळतो. ती ३५-४० वर येऊ द्यायची, बाकीचं १४५ ग्रॅम दूधही तेवढंच कोमट ठेवायचं. गोळा २७ वर उतरला.

मैद्याबद्दल एकच. पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचायचं. ११ च्या पुढे असेल तर काही घालू नये. ९-१० असेल तर ६ ग्रॅम ग्लूटेन पावडर आणि १० ग्रॅम दूध जास्त. सुट्या मैद्याचा भरवसा नाही. पाचवा हिस्सा गव्हाचं पीठ घालून पाहिलं: चव चांगली, उंची गेली. कोंडा ग्लूटेनचे धागे कापतो. आत्तापुरतं बाजूला.

मळणी: बटर सोडून सगळं एकत्र, दहा मिनिटं झाकून ठेवलं, मग सात-आठ मिनिटं मळलं, त्यानंतर मऊ बटर तीन वेळा करून. बटर शिरताना गोळा फाटल्यासारखा, घसरडा होतो. इथे घाबरून मैदा भुरभुरला की संपलं. मळत राहिलं की तीन मिनिटांत पुन्हा जुळतो. लिंबाएवढा तुकडा ताणून उजेडासमोर धरला आणि फाटण्याआधी त्यातून बोटांची सावली दिसली, की झालं.

१८ डिसेंबर

सारण आणि गुंडाळी.

सारण: मऊ बटर ५०, गूळ पावडर ७०, दालचिनी ९, मैदा ६, चिमूट मीठ. बटर मऊ, वितळलेलं नाही. आज मुद्दाम अर्ध्या पोळीला वितळलेलं लावून पाहिलं. ते पिठात मुरलं नाही, पदरांमध्ये घसरत राहिलं. भाजल्यावर त्या रोलच्या पदरांत बोट जाईल एवढी फट आणि सारण सगळं बुडाशी. सहा ग्रॅम मैदा त्यासाठीच आहे: गूळ वितळून पळू लागला की त्याला दाट करतो.

ओट्यावर लाटलं, पोळपाट पुरत नाही. ३६ बाय ३० सेंटिमीटर, जाडी सहा-सात मिलिमीटर. कोपरे ओढून काटकोनात आणायचे, नाहीतर टोकांचे रोल बारके होतात. पीठ आखडून मागे येत असेल तर दहा मिनिटं झाकून सोडून द्यायचं. जबरदस्तीने लाटलेलं पीठ ओव्हनमध्ये सूड घेतं, रोल लंबगोल होतो. पलीकडची २ सेंटिमीटर कड कोरी ठेवायची, तिला दुधाचं बोट. ३६ च्या बाजूने गुंडाळायचं.

किती घट्ट? घट्ट गुंडाळलेल्याच्या मध्याला फुगायला जागा मिळत नाही, तो शंकूसारखा वर येतो. आपल्याकडे तो वरचा भाग उलटवल्यावर तळ होणार, म्हणजे रोल ताटात डुगडुगणार. सैल गुंडाळलेल्यात पोकळी. अळूवडीची गुंडाळी करतात त्याहून जरा ढिली.

४ सेंटिमीटरचे नऊ तुकडे, दोऱ्याने. सुरी वरून दाबते, पदर चपटे होतात आणि सारण बाहेर येतं. दोरा खालून सरकवायचा, वर फुली करून दोन्ही टोकं ओढायची. शिवणाचा साधा सुती दोरा, दुहेरी. संक्रांतीच्या आधीचे दिवस आहेत, घरात रीळ पडलेलं असतं; मांजा चुकूनही नको, त्याला काचेची पूड असते.

शेवटच्या कडेचं टोक प्रत्येक रोलच्या खाली दुमडलं. न दुमडलेले दोन रोल भाजताना उलगडले.

२२ डिसेंबर

रात्री करून ठेवता येतं का. टिनात पाक, दाणे, रोल. प्लास्टिकने झाकून फ्रिजमध्ये अकरा तास. सकाळी रोल थोडेच वाढलेले, स्पर्शाला थंडगार. ओट्यावर दोन तास ठेवूनही आत १४ अंश, कारण ओटाच १६ वर होता. तसेच भाजले. वरून सोनेरी, खालचा सेंटिमीटरभर कच्चा. बुडाचा पाक फ्रिजमध्ये गोठून बर्फीसारखा झालेला. पहिली दहा मिनिटं उष्णता तो वितळवण्यातच गेली.

दुसऱ्या टिनाला परातीत ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बसवलं, मग गरम पाण्याच्या पातेल्यासह बंद ओटीजीत. दीड तासात तयार. चव मात्र रात्रभर राहिलेल्याचीच चांगली, थोडी आंबूस खोली येते. गिऱ्हाइकाला सकाळी नऊला द्यायचे असतील तर साडेपाचला उठणं आलंच.

बोटाची परीक्षा: ओल्या बोटाने रोलच्या कडेला दाबलं, खळगा हळूहळू अर्धा भरून आला की भाजायला तयार. पटकन भरला तर अजून थांबा. भरलाच नाही तर उशीर झाला; असा रोल ओव्हनमध्ये खाली बसतो.

२६ डिसेंबर

दाणे. चार वाट्या शेजारी ठेवून चव.

अक्रोड नुसते: सालीचा तुरटपणा पाकात आणखी ठळक. उकळत्या पाण्यात एक मिनिट, गाळून, १५० वर बारा-चौदा मिनिटं: तुरटपणा निम्म्याने उतरला. उकळलेलं पाणी चहासारखं तपकिरी होतं, ती सगळी टॅनिन. लोखंडी कढईत हे करू नये, काळं पडतं.

शेंगदाणे: १५० वर अठरा मिनिटं, सालं फडक्यात चोळून, सुपात पाखडून. कच्चे घातले तर पाकात उकडल्यासारखे लागतात.

काजू: महाग, आणि पाकात मऊ पडतात. बदाम: काप कुरकुरीत, पण चव गुळाला झेपत नाही.

ठरलं: अक्रोड ८०, शेंगदाणे ५०. अक्रोड हाताने मोडलेले, चार-पाच तुकडे. शेंगदाणे खलबत्त्यात दोन ठोके, पाकळ्या सुट्या होण्यापुरते. मिक्सरमध्ये घातलं की अर्धं कूट होतं, कूट पाकाला दाट करतं आणि दाणा दिसतच नाही. कूट झालंच तर चाळून भाजीला.

अक्रोड फ्रीजरमध्ये ठेवायचे. त्यातली चरबी लवकर खवट होते, आणि एक खवट तुकडा सगळा टिन वाया घालवतो. पुडा फोडला की आधी एक चावून बघायचा.

२९ डिसेंबर

भाजणं. टिन खालून दुसऱ्या जाळीवर, त्याखाली रिकामी ट्रे. ट्रेमुळे खालच्या कॉइलची थेट आच अडते. तिच्याशिवाय कोपऱ्यांतला पाक जळून कडू झाला होता. आतला थर्मामीटर १७५. पंधराव्या मिनिटाला वर फॉइल, चमकदार बाजू वर की खाली याने काही फरक पडत नाही. सत्ताविसाव्या मिनिटाला मधल्या रोलच्या पोटात ९१ अंश. ८८ च्या खाली काढला तर मध्य चिकट राहतो, ९४ च्या वर गेला तर कोरडा. कडेच्या रोलवर तपासू नये, ते पाच मिनिटं आधी होतात.

उलटवणं. ताबडतोब केलं: पाक पाण्यासारखा, ताटभर पसरला, रोल उघडे. वीस मिनिटांनी केलं: टिन सुटेना, निम्मे अक्रोड बुडाशी चिकटून राहिले, टिन गॅसवर दोन मिनिटं फिरवून सोडवावा लागला. पाच मिनिटांनी केलं: बरोबर. कडेने सुरी फिरवायची, कडा असलेलं ताट उपडं ठेवायचं, दोन्ही फडक्यांनी धरून एका दमात. मग टिन तसाच मिनिटभर राहू द्यायचा, पाक ओघळून खाली येतो. हातमोजे, पूर्ण बाह्या. गुळाचा पाक कातडीला चिकटतो, पाण्याच्या चटक्यासारखा झटकता येत नाही.

४ जानेवारी

सलग पूर्ण घाणा, दुपारचा. १२:०० खळ आणि मळणी. १२:३५ गोळा २७ अंश, ओटीजीत. १:४५ साक्षी पेला दुप्पट. पाक त्या मधल्या वेळात करून टिनात ओतला, दाणे पसरले. रोल लावायच्या वेळी पाक कोमटच हवा, गरम पाकाने खालचं यीस्ट मरतं. २:१० रोल टिनात, मधे दोन-दोन सेंटिमीटर जागा. २:१५ ते ३:०५ दुसरी फुगवण, रोल एकमेकांना टेकले. त्यातली शेवटची पंचवीस मिनिटं टिन बाहेर, ओट्यावर परातीतल्या कोमट पाण्यात, कारण ओटीजी तापवायची होती. ३:०५ आत. ३:३२ बाहेर. ३:३७ उलटवले.

रोल ९० ते १०५ ग्रॅम, पाक सोडून. पदर सुटे, पाक धागा धरणारा पण दाताला न चिकटणारा. दाणे जागच्या जागी. एका कोपऱ्यात शेंगदाण्यांचा ढीग झाला. पाक ओतल्यावर टिन सपाट नव्हता.

१२ जानेवारी

भाजायला लागल्यापासून अकराव्या मिनिटाला वीज गेली, बावीस मिनिटांनी आली. दार उघडलं नाही. आतलं तापमान ११८ पर्यंत उतरलं. परत चालू झाल्यावर आणखी वीस मिनिटं दिली, मध्य ९० ला आला. रोल खाण्याजोगे, उंची कमी, वरची साल जाड. पहिल्या आठ मिनिटांत वीज गेली असती तर रोल अजून घट्ट धरलेले नसतात, ते खाली बसले असते. तेव्हा टिन गॅसवर मोठ्या झाकणाच्या पातेल्यात, जाळीवर ठेवून पुढे नेणं हाच मार्ग. ते पातेलं आता आधीच तापवून ठेवतो.

१९ जानेवारी

ठेवणं आणि देणं. पहिल्या दिवशी हवाबंद डब्यात, खोलीतच. फ्रिजमध्ये मुळीच नाही: भाजलेला स्टार्च ४-५ अंशांवर सगळ्यात वेगाने कडक होतो, रोल एका रात्रीत शिळा लागतो. दोन दिवसांपुढे ठेवायचे तर सरळ फ्रीजर, एकेक रोल वेगळा गुंडाळून.

डबा बंद करण्याआधी रोल पूर्ण निवायला हवेत, दीड तास तरी. कोमट असताना झाकले तर आतली वाफ झाकणाला लागून पाकावर ठिबकते आणि दाणे नरम पडतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली बटर पेपर, वर काही टेकू न देता. पाकाला चिकटलेला कागद निघत नाही.

गरम करायला मायक्रोवेव्ह असेल तर पंधरा सेकंद, जास्त नाही, पाक आधी उकळतो आणि पीठ मागे राहतं. नसेल तर जाड बुडाची कढई, आत वाटी उपडी, वाटीवर ताटलीत रोल, झाकण, मंद गॅसवर सहा मिनिटं. खोक्यावरच्या चिठ्ठीत एवढंच लिहितो, आणि शेंगदाणे-अक्रोड-दूध-गहू आहेत हे ठळक अक्षरात.